न्यूयॉर्कमध्ये ट्राउटच्या ओढ्यावर साकव बांधायचाय? परवाना, पात्रता आणि कागदपत्रं

पायवाटेवर साकव टाकायचं ठरलं की मंडळी आधी लाकूड आणि माणसं जमवतात, परवान्याचं नंतर बघू म्हणतात. न्यूयॉर्क राज्यात ट्राउटच्या, म्हणजे थंड, स्वच्छ पाण्यात राहणाऱ्या या माशाच्या ओढ्यावर हा उलटा क्रम महागात पडतो, कारण पाण्याला स्पर्श न करताही इथे परवाना लागू शकतो.

आधी ओढ्याचा वर्ग पाहा. राज्याच्या पर्यावरण संवर्धन विभागाने (डीईसी) गोड्या पाण्याचे एए, ए, बी, सी आणि डी असे वर्ग पाडले आहेत. वर्गापुढे कंसात ‘टी’ असेल तर त्या पाण्यात ट्राउट तगतात. ‘टीएस’ असेल तर अंडीही घालतात. एए, ए, बी आणि टी किंवा टीएस जोडलेला सी, हे सगळे ओढे संरक्षित. त्यांच्या तळात किंवा काठात फेरफार करायचा तर राज्याच्या पर्यावरण कायद्यातल्या 15व्या प्रकरणाखाली परवाना हवा. नुसत्या सी किंवा डी वर्गाला तो लागत नाही. डीईसीच्या ‘एन्व्हायर्नमेंटल रिसोर्स मॅपर’ या ऑनलाइन नकाशावर वर्ग कळतो.

लोक अडकतात ते ‘काठ’ या शब्दावर. नियमांनुसार पाण्याकडे उतरणारी लगतची जमीन म्हणजे काठ, आणि तो सरासरी उच्च पाणीरेषेपासून (पाणी साधारण जिथवर चढतं तिथून) आडवा मोजून 50 फुटांपर्यंत धरतात. सलग उतार 45 अंशांचा किंवा त्याहून तीव्र असेल तर त्याच्याही पुढे. म्हणजे साकवाचे दोन्ही पाये कोरड्यात पण या पट्ट्यात असले, तरी ते खणणं हे परवान्याचंच काम. आडवं पडलेलं झाड काठावरून दोर लावून, तळ न उकरता ओढून काढायचं असेल तर मात्र परवान्याची गरज नाही.

अर्ज जमीनमालकाने करावा, नाहीतर पायवाट मंडळाने किंवा गावाने मालकाची संमती घेऊन. जमीन राज्याची असेल तर स्वयंसेवी मंडळाला डीईसीशी वेगळा करारही करावा लागतो. राज्याच्या उत्तरेकडच्या ॲडिरॉन्डॅक पार्क या संरक्षित प्रदेशाच्या हद्दीत पाणथळ जागा आड येत असेल, तर तिथल्या पार्क एजन्सीलाही आधी विचारा.

पाण्यात दगड, माती किंवा काँक्रीट टाकणार असाल तर अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या क्लीन वॉटर ॲक्टचं 404 कलम लागू होतं आणि प्रकरण आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सकडे, म्हणजे हे परवाने देणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या विभागाकडे जातं. पायवाटांसाठी त्यांचा 14 क्रमांकाचा देशव्यापी परवाना आहे. सोबत त्याच कायद्याच्या 401 कलमाखालचं पाण्याच्या दर्जाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून माझं मत सरळ आहे: दोन्ही काठ ओलांडून जाणारा साकव टाका. मोरीचा पाइप स्वस्त दिसतो, पण त्यात पाणी वेगाने धावतं, खालच्या तोंडाशी धबधबा तयार होतो आणि माशांची वाट बंद होते. मोरीच हवी असेल तर ती तळ उघडा ठेवणारी, किंवा तळात नीट गाडलेली आणि ओढ्याच्या पात्रापेक्षा रुंद दाखवा.

डीईसी आणि आर्मी कोअर या दोन्ही कार्यालयांसाठी जॉइंट ॲप्लिकेशन फॉर्म एकच असतो, प्रती मात्र वेगवेगळ्या पाठवायच्या. त्याला जागेचा नकाशा, फोटो, पाहणीला परवानगी देणारा फॉर्म, गरजेप्रमाणे पर्यावरण मूल्यांकनाचा छोटा फॉर्म आणि आराखडे जोडा. तपासणाऱ्याचं लक्ष आडव्या छेदावर असतं. त्यात उच्च पाणीरेषा, पायांचं तिच्यापासूनचं अंतर आणि साकवाच्या तळाची उंची स्पष्ट हवी. उकरलेली माती कुठे टाकणार, गाळ कसा अडवणार आणि पायवाटेवरून वाहून येणारं पाणी ओढ्याला मिळण्याआधीच बाजूला कसं वळवणार, हेही लिहा. ओलं काँक्रीट वाहत्या पाण्याला लागणार नाही, एवढं एक वाक्य विसरू नका. त्याच्या अल्कलीने मासे मरतात.

तारखा ठरवताना ब्रूक ट्राउटचा विचार करा. मादी शरद ऋतूत गोट्यांमध्ये खळगा करून अंडी घालते आणि ती हिवाळाभर तिथेच राहतात. वरून बारीक गाळ बसला की त्यांना प्राणवायू मिळत नाही. त्यामुळे परवान्यात सहसा ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत पाण्यातलं काम बंद ठेवण्याची अट असते. काम उन्हाळ्यातच करायचं, तर अर्ज हिवाळ्यातच गेलेला बरा.

अर्ज पूर्ण आहे की नाही, हे डीईसीने 15 दिवसांत कळवायचं असतं. त्यानंतर छोट्या कामावर 45 दिवसांत, आणि मोठ्या कामावर सुनावणी नसेल तर 90 दिवसांत निर्णय. मुदत उलटूनही उत्तर नाही आलं, तर मुख्य परवाना अधिकाऱ्याला सर्टिफाइड टपालाने पत्र पाठवता येतं. त्यावर कामकाजाच्या पाच दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

परवान्याची प्रत कामाच्या जागी ठेवा. गढूळपणाचा राज्याचा निकष डोळ्यांनी पाहण्याचा आहे: नैसर्गिक पाण्याशी ठळक फरक दिसता कामा नये. तो दिसला की काम थांबवायचं आणि आधी गाळ अडवायचा.