पिकअपचं सस्पेन्शन अपग्रेड : नाशिक परिसर

आठवडाभर ऑफिस-मार्केट आणि सुट्टीला घाटात, कच्च्यात अशी दोन्हीकडे चालणाऱ्या पिकअपचे मूळचे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या), स्प्रिंगा आणि शॉकॲब्जॉर्बर (गॅरेजमध्ये शॉकप) काढून गाडीवर प्रत्यक्षात जेवढं वजन पडतं त्याला जुळणारा सेट बसवणे म्हणजे सस्पेन्शन अपग्रेड. उंची वाढवणं, म्हणजे लिफ्ट, हा त्यातला एक भाग आहे आणि बऱ्याच गाड्यांना त्याची गरज नसते.

नाशकात हा विषय मुख्यतः इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस (भारतात २०१६ पासून) आणि टोयोटा हायलक्स (२०२२ पासून) वाल्यांचा, त्याआधीच्या टाटा झेनॉन, स्कॉर्पिओ गेटअवे वगैरे गाड्याही अजून दिसतात. व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्हींना पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड ॲक्सलवर पाटे. सातपूर-अंबडला महिंद्राचा कारखाना असल्यामुळे बोलेरो-स्कॉर्पिओचं खालचं काम इथला कुठलाही मिस्त्री डोळे झाकून करतो, बाकीच्यांचं मात्र विचारून करायचं. वापर म्हणाल तर सोमवार ते शुक्रवार पाथर्डी फाटा ते द्वारका, हंगामात दिंडोरी-निफाडकडची द्राक्षबाग किंवा गिरणाऱ्याला टोमॅटोचे क्रेट, आणि पाऊस लागला की पेठ रोडने सावळघाट नाहीतर त्र्यंबकवरून हरसूल. एकाच जिल्ह्यात इगतपुरीचा पट्टा वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे भिजतो आणि येवल्याकडे पावसाची वाट बघतात, त्यामुळे एकाला मानवलेला सेट दुसऱ्याला मानवेलच असं नाही.

इतिहास

पाट्यांचा उगम नक्की कुठला यावर एकमत नाही. पुष्कळ जण इंग्लंडच्या ओबाडाया इलियटचं घोडागाडीच्या लंबगोल पाट्यांचं पेटंट धरतात, त्याचं साल बहुतेक ठिकाणी १८०४ येतं, काही ठिकाणी १८०५. पण लवचिक पट्ट्यांवर किंवा चामड्याच्या वाद्यांवर गाडीचं धूड टांगायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची आहे, म्हणून इलियटने पाटा शोधला म्हणण्यापेक्षा तो व्यवहारात आणला म्हणणं जास्त बरोबर वाटतं. कॉइल स्प्रिंगबद्दल ट्रेडवेल नावाच्या गृहस्थाचं १७६३ चं ब्रिटिश पेटंट सांगितलं जातं. स्प्रिंग किती दबेल हे वजनाच्या प्रमाणात असतं हा रॉबर्ट हूकचा नियम १६७८ सालीच छापून आला होता, म्हणजे गणित आधी आलं आणि गाडी सव्वाशे वर्षांनी.

शॉकॲब्जॉर्बरच्या बाबतीत वाद जास्त आहे. फ्रान्सच्या त्रुफोने १९०० च्या आसपास घर्षणावर चालणारा डँपर (झोके आवरणारा भाग) केला, तो अमेरिकेत हार्टफर्डने विकायला आणला, इथपर्यंत फारसं कुणाचं दुमत नाही. तेलावर चालणारा पहिला कुणाचा, इथे मात्र तीन दावे आहेत : हॉरॉक नावाच्या संशोधकाची १९०१ ची नळी-पिस्टनची रचना, मोर्स कंपनीची १९०२ ची गाडी, आणि मोरिस उदाय याचा १९०६ ते १९०९ च्या दरम्यान कधीतरी पुढे आलेला, दांड्याने फिरणारा डँपर. पहिल्या दोघांचं काम फार पसरलं नाही, उदायचा डँपर मात्र पुढची काही दशकं गाड्यांवर प्रत्यक्ष चालला, त्यामुळे सुरुवात तिथून धरणं सोयीचं. आज पिकअपवाले ज्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजतात तो उच्च दाबाच्या गॅसचा मोनोट्यूब (एकाच नळीचा शॉकप) मात्र बराच नंतरचा. फ्रेंच अभियंता बुर्सिए द कार्बोन याने त्याचा पाया घातला आणि १९५७ मध्ये जर्मनीच्या बिल्स्टीनने मर्सिडीजसाठी तो मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. पिकअपसाठी तयार किट विकायचा धंदा खऱ्या अर्थाने वाढवला तो ऑस्ट्रेलियाने, तिथली एआरबी ही कंपनी १९७५ ची, ओल्ड मॅन एमू हे नाव तिचंच.

वजन आणि मागचे पाटे

निवडीचा सगळा पाया वजनावर आहे आणि नेमकं वजनच कुणी करत नाही. गाडी घ्यायच्या आधी लोक दहा व्हिडिओ बघतील पण काट्यावर जाणार नाहीत. पिंपळगाव किंवा लासलगावला मार्केटच्या आजूबाजूला वजनकाटे आहेतच, तिथे आधी अख्खी गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर चढवून पुढचं वजन घ्यायचं आणि वजाबाकी करून मागचं, हे एकदा रिकाम्या गाडीचं आणि एकदा नेहमीच्या सामानासकट, टाकी भरून. हौद्यावर कायमचं कॅनॉपी, स्टीलचा बंपर, विंच, छतावरचा रॅक असं काही असेल तर ते रोजचं वजन, द्राक्षाच्या हंगामातले क्रेट हे कधीमधीचं. किटवाले मागच्या पाट्यांचे प्रकार याच हिशोबाने देतात : रिकामी किंवा हलकी, मध्यम कायम वजन, जड कायम वजन. यातला 'कायम' हा शब्द नीट वाचायचा. आधी लगीन काट्याचं, मग पाट्याचं.

आता थोडं गणित, कारण फसवणूक इथेच होते. एका पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो, रुंदीच्या आणि संख्येच्या फक्त सरळ प्रमाणात, आणि लांबीच्या घनाच्या उलट. समजा सेटमध्ये ७ मिलिमीटरचे पाच पाटे आहेत (सोयीसाठी सगळे एकाच लांबीचे धरू), त्यात तसाच सहावा टाकला तर कडकपणा २० टक्के वाढतो, पण मिस्त्रीने सहज हाताला लागला म्हणून ८ मिलिमीटरचा टाकला तर ३० टक्के. एक मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसतही नाही, कंबरेला कळतो.

आणि वजन. गिरणाऱ्याला टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरतात, वीस क्रेट म्हणजे ४०० किलो. मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचं ६०० किलो पडत असेल असं धरलं (हे उदाहरणासाठी, आपल्या गाडीचं काट्यावरच कळेल) तर भरल्यावर १०००. गाडी उसळण्याचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या उलट जातो, म्हणजे रिकामी गाडी भरलेलीच्या जवळजवळ १.३ पट वेगाने उसळते. म्हणून कुठलीच पिकअप रिकामी असताना कारसारखी चालत नाही, मूळ पाटेच हजार किलोचा विचार करून दिलेले असतात. आता याच गाडीला 'जड कायम वजन' वाले पाटे बसवले आणि वर्षातले दहा महिने हौदा रिकामा, तर मुंबई नाका ते गरवारे पॉइंट प्रत्येक गतिरोधकावर मागचं टोक उधळलेल्या खोंडासारखं उडणार. त्यापेक्षा मध्यम पाटे आणि हंगामापुरता जास्तीचा आधार (शेवटी दिलेली एअरबॅग) हा मार्ग रोजच्या गाडीला बरा, असं एकंदर म्हणावं लागेल.

आडगाव नाक्याकडे ट्रकच्या कामाची गॅरेजं आहेत तिथे जुनेच पाटे ठोकून पुन्हा कमान देऊन मिळतात. खर्च फार कमी येतो, उंची लगेच मिळते, पण पोलादाचा मूळ ताव गेलेला असेल तर ते काही महिन्यांत परत बसतात, आणि दोन्ही बाजू सारख्या बसतीलच असं नाही, मग गाडी एका अंगाला झुकते. ट्रकला चालतं म्हणून पिकअपला चालेल असं धरू नये. पाट्यांच्या मधलं घर्षण हाही एक विषय आहे, पावसाळ्यात काळी माती मध्ये जाऊन सुकली की सेट आखडतो आणि कुरकुरतो, ज्या पाट्यांच्या टोकाला प्लास्टिक किंवा टेफ्लॉनचे पॅड असतात ते बरे. पॅराबोलिक पाटे संख्येने कमी आणि फक्त मध्ये नि टोकाला टेकणारे असल्याने चाल मऊ देतात.

शॉकप

नवे पाटे आणि जुने शॉकप ही जोडी टाळावी. पाटा २५ टक्के कडक झाला तर त्याला आवरणारी ताकद साधारण १२ टक्के जास्त लागते, कारण तीही वर्गमुळाने वाढते. जुना शॉकप तेवढा पुरत नाही आणि गाडी एका खड्ड्याचे तीन झोके खाते.

ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेला) स्वस्त असतो, बाहेरून दगड लागून पोचा पडला तरी आतली नळी वाचते, पण सलग खराब रस्त्यावर तेल तापून फेसाळतं आणि मग तो काम सोडतो. काही ऑस्ट्रेलियन कंपन्या यावर उपाय म्हणून आत गॅसऐवजी बंद पेशींचा फोम घालतात. मोनोट्यूबमध्ये तेल आणि गॅस तरंगत्या पिस्टनने वेगळे ठेवलेले, उष्णता सरळ बाहेर जाते, पण बाहेरच्या नळीलाच पिस्टन घासत असल्यामुळे मोठा पोचा पडला की खेळ खलास. वेगळी टाकी असलेले शॉकप वाळवंटातल्या शर्यतीसाठी छान, सावळघाटात आणि हरसूलच्या रस्त्याला वेगच एवढा नसतो की तेल उकळावं, इथे खड्डा एकेकटा आणि खोल येतो. त्यामुळे नाशिकच्या वापराला चांगला ट्विन ट्यूब किंवा साधा मोनोट्यूब पुरतो असं मानायला जागा आहे. दिसायला टाकी भारी दिसते हे मान्य.

पुढची बाजू

पुढची उंची वाढवायचे तीन मार्ग आहेत. पहिला, स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकप एकत्र असलेला भाग) वर स्पेसर, म्हणजे जाडीचा तुकडा. स्ट्रट चाकापासून आतल्या बाजूला बसलेला असल्याने २५ मिलिमीटरचा तुकडा चाकापाशी जवळजवळ दुप्पट उंची देतो, म्हणून हा फार खपतो. पण कडकपणा जिथल्या तिथे राहतो आणि चाक खाली लोंबकळताना मूळपेक्षा जास्त खाली जातं, त्याचा ताण बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट (चाकाकडे ताकद नेणारा सांधा) यांच्यावर येतो. दुसरा मार्ग स्प्रिंग दाबून बसवणारा स्पेसर, यात शॉकपची लांबी तीच राहते, म्हणून खाली जायची जागा कमी होते आणि गतिरोधक उतरताना 'ठक्क' आवाज येतो. तिसरा म्हणजे पूर्ण नवा स्ट्रट, बंपर-विंचच्या वजनाप्रमाणे निवडलेल्या स्प्रिंगसह. महाग, पण रोजच्या गाडीला हाच. झेनॉनसारख्या टॉर्शन बारवाल्या (पुढे स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा असलेल्या) गाड्यांना बोल्ट पिळून उंची वाढवता येते, फुकटात होतं म्हणून सगळे करतात, बारचा कडकपणा मात्र त्याने काडीचा वाढत नाही. टॉर्शन बारचं पोर्शेचं पेटंट १९३१ चं आणि १९३४ च्या सिट्रोएन ट्राक्स्यों अवांमध्ये तो गाजला.

४० ते ५० मिलिमीटरपर्यंतची उंची बहुतेक गाड्यांना मूळ जोडांवर झेपते. त्याच्या पुढे कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन) कमी होतो, समृद्धीवर स्टिअरिंग हलकं आणि भटकं लागतं, मग वरचे कंट्रोल आर्म बदला, डिफरन्शियल खाली घ्या, अशी रांग लागते. जागा फक्त खड्ड्यासाठी हवी असेल तर आधी टायर बघावेत, हवेचा दाब वजनाप्रमाणे ठेवला तरी अर्धी तक्रार जाते.

बसवताना

इथे एक चूक इतकी सर्रास होते की ती सविस्तर लिहायला हवी. गाडी लिफ्टवर टांगलेली, चाकं हवेत, पाटे पूर्ण लोंबलेले, आणि त्याच अवस्थेत मिस्त्री पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा (टोकाच्या कडीचा) आणि मागच्या शॅकलचा (झुलत्या दुव्याचा) बोल्ट गन लावून आवळून टाकतो. आतला रबरी बुश त्या कोनात धरला जातो. मग गाडी खाली घेतली की पाटा दबतो, कोन बदलतो आणि बुश कायमचा पिळलेला राहतो, गाडी हवी त्यापेक्षा थोडी उंच दिसते (गिऱ्हाईक खूश), नंतर बुश फाटतो आणि उंचीही जाते आणि कुरकुर सुरू होते. बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, हौद्यावर दोन माणसं उभी करून चार वेळा दाबायची आणि मग खाली झोपून टॉर्क रेंचने आवळायचे. पुढच्या आर्मच्या बुशलाही हेच.

पाटे ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट नवेच घ्यावेत, एकदा ताणलेला पुन्हा वापरू नये, आणि पाचशे ते हजार किलोमीटरनंतर परत आवळावेत. त्यानंतर अलाइनमेंट. उंची मोजताना चाकाच्या मधोमधपासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत मोजावी, जमिनीपासून नाही, टायरची हवा मध्ये येते. मागे उंची वाढवायला लांब शॅकल लावतात, त्याची जास्तीची लांबी ५० मिलिमीटर असेल तर गाडी साधारण २५ च वर येते आणि मागच्या ॲक्सलचा कोन फिरतो, मग शाफ्टचा थरथराट.

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या, निर्मात्याने दिलेल्या माहितीशी फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड आहे. त्याच मापाचा शॉकप बदलणं आणि गाडी चार इंच उचलणं या दोन टोकांच्या मध्ये बराच मोठा करडा पट्टा आहे. विम्याच्या दाव्यात आणि वॉरंटीतही हे निघू शकतं म्हणून मूळ पाटे-स्ट्रट भंगारात न देता घरी ठेवतात.

एअरबॅग

पाटा आणि चेसिसच्या मध्ये बसणारी हवेची पिशवी, हंगामापुरतं वजन पेलायला. रिकाम्या गाडीत हवा कमी ठेवायची. सगळं वजन चेसिसच्या एका बिंदूवर येतं, त्यामुळे जास्त भरलेल्या डबल कॅबिन गाड्यांची चेसिस कॅबिनच्या मागे वाकल्याची उदाहरणं ऑस्ट्रेलियात आहेत.