डब्ल्यूजी (वाफेचे इंजिन)

भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांवरील मालगाड्यांचे वाफेचे इंजिन. नावातील ‘डब्ल्यू’ ब्रॉडगेजचा, तर ‘जी’ गुड्सचा, म्हणजे मालगाडीचा. १९५० ते १९७० या काळात अशी सुमारे २,४५० इंजिने बांधली गेली. पहिली ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीकडून आली, पण या इंजिनाचे खरे घर पश्चिम बंगालमधील चित्तरंजन.

इंजिनांचा कारखाना आधी कोलकात्याच्या उत्तरेकडील कांचरापाड्याजवळ काढायचे घाटत होते. फाळणीने पूर्व पाकिस्तानची सीमा जवळ आली आणि बेत बदलला. हावडा–दिल्ली मुख्य मार्गावरील मिहिजामजवळची खडकाळ, जड यंत्रांचा पाया पेलणारी जमीन निवडली गेली. राणीगंजचा कोळसा आणि बर्नपूरचे पोलाद हाकेच्या अंतरावर होते. कारखान्याभोवती वसाहत वसली आणि तिला देशबंधू चित्तरंजन दास यांचे नाव मिळाले. गंमत अशी की चित्तरंजन नावाचे स्टेशन मात्र आज राज्याच्या सीमेपलीकडे, झारखंडात आहे. कारखान्याचे पहिले इंजिन डब्ल्यूजीच होते. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी ते राष्ट्राला अर्पण केले, त्याचेही नाव ‘देशबंधू’.

इंजिनाच्या मागेपुढे लहान चाकांची एकेक जोडी आणि मध्ये ताकद लावणाऱ्या मोठ्या चाकांच्या चार जोड्या, अशी रचना होती. भारतीय कोळशात राख फार, उष्णता कमी. म्हणून भट्टीची जाळी रुंद ठेवली होती. बॉयलर प्रवासी गाड्यांच्या डब्ल्यूपी इंजिनाचाच असल्याने सुटे भाग आणि शेडमधली दुरुस्ती दोन्ही सोपे झाले. डब्ल्यूपीचे गोल नाक आणि त्यावरचा तारा लोकांच्या लक्षात राहिला. वाघिणींची लांबलचक रांग ओढणाऱ्या या काळ्या इंजिनाच्या वाट्याला तसले कौतुक आले नाही. भट्टीत फावड्याने कोळसा झोकणाऱ्या फायरमनच्या वाट्याला तर त्याहून कमी.

वाफेची इंजिने जोडत असतानाच चित्तरंजनने १९६१ मध्ये पहिले विजेचे इंजिन बाहेर काढले. मुंबईकडच्या १,५०० व्होल्ट डीसी मार्गांसाठी बांधलेल्या त्या इंजिनाचे नाव ‘लोकमान्य’. चित्तरंजनचे शेवटचे डब्ल्यूजी, क्रमांक १०५६०, जून १९७० मध्ये बाहेर पडले. त्याचे नाव ‘अंतिम सितारा’.