मुले असलेल्या घरांतील अन्न-असुरक्षिततेची मोजणी (सोलापूर)

अन्न-असुरक्षिततेची मोजणी : पैशाअभावी घरातल्या माणसांना पुरेसे व सकस अन्न मिळण्याची शाश्वती नसणे ही अन्न-असुरक्षितता. ती किती आहे आणि मुलांपर्यंत पोहोचली आहे का, हे ठरावीक प्रश्न विचारून ठरवण्याची पद्धत म्हणजे तिची मोजणी. वजन-उंचीच्या नोंदींपेक्षा ही पद्धत मुळातच वेगळी आहे, कारण येथे शरीर न मोजता घरातला अनुभव विचारला जातो. अंगणवाडीत दंडघेर ११.५ सेंमी.च्या खाली भरला की मूल ‘सॅम’च्या (तीव्र कुपोषित मुलांच्या) यादीत जाते. तोवर त्या घरात भाजी बंद झालेली असते, दुकानदाराने खाते थांबवलेले असते, शेजारून दोनदा पीठ उसने आणून झालेले असते. दंडाला गुंडाळलेल्या पट्टीवर यातले काहीच दिसत नाही. शिवाय जुलाब-तापानेही वजन उतरते, त्यामुळे नुसत्या वजनावरून घरात अन्न कमी पडले असे म्हणता येत नाही.

पद्धतीचा उगम अमेरिकेतला. कॅथी रेडिमर या संशोधिकेने कॉर्नेल विद्यापीठात न्यूयॉर्क राज्यातील गरीब स्त्रियांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या आणि त्यांच्याच बोलण्यातून प्रश्न बांधले. या मुलाखतींतून एक क्रम पुढे आला. आधी काळजी सुरू होते, मग ताटातले पदार्थ कमी होतात, मग मोठी माणसे पोटाला चिमटा घेतात आणि मुलांच्या खाण्याला कात्री लागते ती अगदी शेवटी. पुढच्या सगळ्या प्रश्नावल्या कमी-अधिक प्रमाणात याच क्रमावर उभ्या आहेत. अमेरिकी सरकारने १९९५ पासून राष्ट्रीय पाहणीत वापरलेल्या प्रश्नावलीत मुले असलेल्या घरासाठी १८ प्रश्न असतात : १० घराबद्दल व मोठ्यांबद्दल, ८ केवळ मुलांबद्दल. तीन किंवा अधिक ‘हो’ आले की घर असुरक्षित, आठ किंवा अधिक आले की स्थिती गंभीर. मुलांच्या आठांपैकी पाच किंवा अधिक ‘हो’ आले तर खुद्द मुलांचीही स्थिती गंभीर आहे, असा अर्थ घेतात. सुरुवातीच्या प्रश्नांना सगळीकडे ‘नाही’ आले की पुढचे विचारतच नाहीत. सुखवस्तू घरात जाऊन ‘तुमचं मूल दिवसभर उपाशी राहिलं का’ असे विचारणे बरे दिसत नाही, हे त्यामागचे एक साधे कारण.

विकसनशील देशांसाठी नंतर आखूड प्रश्नावल्या तयार झाल्या. नऊ प्रश्नांच्या एका प्रश्नावलीत गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारतात आणि गुण ० ते २७ असे पडतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची श्रेणी २०१४ पासून जगभर वापरात आहे. शाश्वत विकास उद्दिष्टांतील २.१.२ हा निर्देशांक तिच्यावरूनच काढतात. मात्र या दोन्हींत मुलांबद्दल वेगळा प्रश्न नाही. लॅटिन अमेरिकेतल्या श्रेणीत तो आहे. मुलांच्या घरांचा अभ्यास करायचा आणि प्रश्नावली आखूड म्हणून आठचीच उचलायची, हा सोयीचा पण चुकीचा मार्ग आहे.

भारतात राष्ट्रीय नमुना पाहणीच्या अनेक फेऱ्यांत एकच प्रश्न असे : घरातल्या सर्वांना दोन वेळचे पुरेसे जेवण मिळते का? जवळजवळ सगळी कुटुंबे ‘मिळते’ म्हणत. एवढ्या थेट प्रश्नाला परक्या माणसासमोर कोण ‘नाही’ म्हणेल? आठ प्रश्नांच्या श्रेणीवरही वाद झाला. २०२२ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने जागतिक भूक निर्देशांकावर टीका करताना ३,००० जणांना विचारलेल्या आठ प्रश्नांच्या जनमत चाचणीवर बोट ठेवले. निर्देशांक काढणाऱ्यांचे म्हणणे असे की त्यांचा आकडा त्या चाचणीवर उभाच नाही. या वादात कोणाचीही बाजू घेतली, तरी ३,००० च्या नमुन्यातून एखाद्या जिल्ह्यातल्या मुलांबद्दल काहीच कळत नाही.

सोलापुरात ही मोजणी करताना मुख्य अडचण वेगळीच येते. जिल्हा अवर्षणप्रवण, पण धान्य अजिबात नाही असे घर विरळा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. रेशनवर येतो मुख्यतः गहू आणि तांदूळ. इथले पोट मात्र ज्वारीच्या भाकरीवर चालते आणि ज्वारी बाजारभावाने घ्यावी लागते. डाळ, तेल, दूध, अंडी यांचाही खर्च खिशातूनच. म्हणून येथे ‘धान्य संपले का’ या प्रश्नाला ‘नाही’ येते आणि ‘मुलांना एक-दोन स्वस्त पदार्थांवरच भागवावे लागले का’ याला ‘हो’. या दुसऱ्या प्रश्नावर चर्चा थोडी होते, पण सोलापूरचे खरे चित्र त्यातच आहे.

हा प्रश्न विचारायचा कसा, यालाही महत्त्व आहे. ‘संतुलित आहार दिला का’ असे विचारले की विडी घरकुलातली (विडी कामगारांच्या वसाहतीतली) बाई मान डोलावते. भाकरी आणि शेंगाचटणी हे तिच्या लेखी पुरते जेवण आहे, आणि ते चूकही नाही. तेच ‘कोरड्यासाला डाळ किंवा भाजी नव्हती, पोरांनी नुसती चटणी-भाकरी खाल्ली, असं महिन्यात कितीदा झालं?’ असे विचारले की ती आठवू लागते. चहा-खारीवर पोर झोपले तर ते उपाशी झोपले की जेवून? पाहणी करणाऱ्याने हे आधीच ठरवले नाही, तर प्रत्येक प्रगणक आपापल्या मताने खूण करतो. उपवासाचेही तेच. सोमवार, चतुर्थी, एकादशी, रमजानचे रोजे यांमुळे टाळलेले जेवण मोजायचे नसते, म्हणून ‘पैसे नव्हते म्हणून’ हे शब्द दर प्रश्नात पुन्हा म्हणावे लागतात, ऐकणारी कंटाळली तरी. सोलापूर शहराच्या पूर्व भागात घरची बोली तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शहरात दखनीही. एका छापील मराठी प्रतीवर काम भागत नाही.

आठवणीचा काळ किती धरायचा, हा प्रश्न रोजगाराशी बांधलेला आहे. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. पाने खराब आली किंवा छाट (नापास केलेल्या विड्या) जास्त निघाली की त्या आठवड्याचा हिशेब कोसळतो. यंत्रमाग मंदीत बंद पडतात. ऊसतोड कामगारांची कोपी (तात्पुरती झोपडी) गाळप हंगामात कारखान्याच्या शिवारात पडते. हातात उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) आधीच आलेली आणि बहुधा संपलेली, मुले शाळेबाहेर, म्हणजे शालेय पोषण आहारही तुटलेला. ‘गेल्या १२ महिन्यांत’ असे विचारले तर लोक एखादा मोठा वाईट प्रसंग सांगतात आणि आठवड्या-आठवड्याचे चढउतार विसरतात. ‘गेल्या ३० दिवसांत’ विचारले आणि पाहणी सुगीनंतर झाली, तर जिल्हा सुखी दिसतो. सोलापुरासाठी ३० दिवसांचा काळ धरून वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात शाळा बंद असताना आणि एकदा गाळप हंगामात, विचारणे अधिक विश्वासार्ह. त्याचा खर्च दुप्पट येतो, म्हणून ते सहसा होत नाही.

उत्तर कोणाकडून घ्यायचे? रिवाजाने आईकडून. तिच्या उत्तरात दोन ओढी असतात : पोराला कमी पडले हे कबूल करायची लाज, आणि ‘हो’ म्हटल्याने कदाचित रेशन कार्डावर नाव चढेल ही आशा. अंगणवाडी सेविका प्रगणक असेल तर तिसरी ओढ येते. सेविका रोजच्या ओळखीची. तिच्या तोंडावर ‘कमी पडतं’ म्हणणे म्हणजे तिच्याच कामावर बोट ठेवणे, असे आईला वाटते. प्रगणक बाहेरगावचा, पण बोली जाणणारा असावा आणि सासू किंवा नवरा शेजारी बसलेला नसावा, हे दोन नियम पाळले तरी बराच फरक पडतो.

मुलांना स्वतःला विचारावे का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. साधारण १२ वर्षांवरील मुलांसाठी स्वतंत्र प्रश्नावली आहे. मुलांशी बोलून झालेल्या अभ्यासांत दिसले की आई-वडिलांना वाटते त्यापेक्षा मुलांना बरेच जास्त कळत असते. ती ‘भूक नाही’ म्हणून धाकट्यासाठी ताटात ठेवतात, सहलीचे पैसे मागायचे टाळतात. आईचे आणि मुलाचे उत्तर जुळले नाही तर आईचेच धरण्याची पद्धत आहे. तीमागे शास्त्रीय कारणापेक्षा सोय जास्त आहे. दुसरीकडे, बारा वर्षांच्या मुलाला घरच्या टंचाईबद्दल विचारून तसेच निघून जाणेही योग्य नाही. निदान शिधापत्रिका, अंगणवाडी आणि शाळेतला आहार कुठे अडला आहे ते पाहून घरच्यांना कोणाकडे जायचे ते सांगावे, असा दंडक चांगल्या पाहण्यांत पाळतात.

गुणांच्या बेरजेआधी उत्तरांचा क्रम सांख्यिकी पद्धतीने तपासतात. सौम्य प्रश्नांना ‘नाही’ आणि गंभीर प्रश्नांना ‘हो’ अशी घरे फार निघाली, तर प्रश्न नीट पोहोचला नाही किंवा प्रगणकाने घरी बसून अर्ज भरले, असे समजावे. अशी तपासणी तालुकानिहाय करावी लागते. बार्शीत चाललेला प्रश्न सांगोल्यात चालेलच असे नाही.