भाद्रपदात केलेलं टेबल वैशाखात का तडकतं?

सोलापुरात गणपती येता येता घरातलं एखादं तरी दार फुगतं. खांदा लावल्याशिवाय उघडत नाही, मग सुतार येतो, कडेवर चार हात रंधा मारतो आणि जातो. एप्रिलमध्ये त्याच दाराच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसायला लागतो. घरी हौसेने केलेल्या पहिल्या टेबलाचंही हेच होतं. फरक इतकाच की दार घासून घेता येतं, टेबलाचा टॉप मात्र मधोमध चिरतो. मग खिळे कमी पडले, फेविकॉल बरोबर नव्हतं, लाकूड ओलं दिलं अशी कारणं शोधली जातात. लाकूड ओलं असू शकतं, पण बहुतेक वेळा दोष रचनेत असतो. लाकूड आयुष्यभर हलत राहतं, हे टेबल करताना धरलेलंच नसतं.

ते का हलतं, हे या गावाला खरं तर नवीन नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात हवा कोरडी पडली की सूत तुटायला लागतं, म्हणून तिथे ओलावा राखावा लागतो. कापूस जवळपास निव्वळ सेल्युलोज असतो. लाकडातही सगळ्यात मोठा वाटा सेल्युलोजचाच. या रेणूंच्या साखळ्यांवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात आणि ते हवेतली वाफ ओढून धरतात. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरतो, लाकूड साधारण १२ टक्के. गंमत म्हणजे ओलं सूत कोरड्यापेक्षा जास्त ताण सोसतं, लाकूड मात्र ओलं असताना कमजोर होतं.

झाड कापल्यावर आधी पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी जातं. त्याने लाकूड हलकं होतं, आकसत नाही. ओलावा २८-३० टक्क्यांच्या खाली उतरला की पेशींच्या भिंतीत धरलेलं पाणी सुटायला लागतं, भिंती बारीक होतात आणि आकसणं सुरू होतं. पुढे हवा दमट झाली की हाच प्रवास उलटा. शंभर वर्षांचं जुनं सागवानही यातून सुटत नाही.

नवशिक्यासाठी कळीची गोष्ट पुढे आहे: लाकूड सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. ओलं सागवान पूर्ण कोरडं केलं तर खोडातल्या वाढीच्या वलयांच्या रेषेत ते सुमारे ५.८ टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के, आणि लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. म्हणजे फळीची लांबी स्थिर धरा, रुंदी कधीच धरू नका. फळीच्या टोकाकडून पाहा. वलयं कमानीसारखी आडवी दिसली तर ती फळी रुंदीत जास्त हलणार आणि वाळताना सालीच्या बाजूला वाटीसारखी खोलगट होणार. वलयं उभी दिसली तर हालचाल निम्म्याहूनही कमी. वखारीत फळ्या निवडताना लोक रंग आणि गाठी पाहतात. त्याआधी टोक पाहावं.

आता सोलापूरचा हिशेब. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, दुपारची सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्के. अशा हवेत घरातलं लाकूड ६-७ टक्के ओलाव्यापर्यंत उतरतं. पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबरमध्ये, तेच १३-१४ टक्क्यांवर चढतं. फरक किमान ६ टक्क्यांचा. सागवान वलयांच्या रेषेत दर एक टक्का ओलाव्यामागे रुंदीच्या सुमारे ०.१९ टक्के हलतं. १८ इंची, म्हणजे ४५७ मिलिमीटर रुंद टॉपसाठी गुणाकार केला तर येतात ५ मिलिमीटर. एवढा फरक खिळ्याने दाबून ठेवता येत नाही. घरातला जुना पाट उलटा करून पाहा. खाली दोन आडव्या पट्ट्या खिळ्यांनी पक्क्या ठोकलेल्या असतील तर पाटाला लांबीत चीर असण्याची शक्यता बरीच. पट्टी लांबीत हलत नाही, पाट रुंदीत हलतो आणि खिळा दोघांना धरून बसतो. भाद्रपदात फुगलेला टॉप असा जखडून टाकला की वैशाखात त्याला आकसायला जागा उरत नाही. मग तो सगळ्यात कमजोर रेषेत फाटतो.

हे समजून घेऊन एक बैठं टेबल करू. जेवायला, लिहायला, मुलांच्या अभ्यासाला उपयोगी: टॉप २४ × १८ इंच, उंची पावणेबारा इंच. पहिल्या कामासाठी हे माप चांगलं, कारण लांब करवतकाम नाही आणि टेबलाला लागणारा प्रत्येक सांधा यात येतो. फळीचे रेषे २४ इंचांच्या बाजूने धावतील, म्हणजे हलणार ती १८ इंचांची बाजू.

सुटे भाग असे: टॉपसाठी पाऊण इंच जाड, साडेचार इंच रुंद, दोन फूट लांब चार फळ्या. दीड इंच चौरस, ११ इंच लांब चार पाय. पायांना जोडणाऱ्या अडीच इंच रुंद, पाऊण इंच जाड चार पट्ट्या: दोन साडेवीस इंची, दोन साडेचौदा इंची. पट्टीच्या लांबीत दोन्ही टोकांचे पाऊण पाऊण इंचाचे कुसू, म्हणजे पायाच्या भोकात बसणाऱ्या जिभा, धरले आहेत. वखारीत हिशेब घनफुटात होतो: फुटातली लांबी गुणिले इंचातली रुंदी गुणिले इंचातली जाडी, भागिले १४४. रंधा मारून माप खाली येतं, म्हणून फळ्या एक इंच जाड आणि पाय दोन इंच चौरस धरून मोजा. बेरीज ०.४५ घनफूट येते. गाठी, चिरा आणि कापण्यात जाणारा पाव हिस्सा धरला तर ०.५६ घनफूट घ्या.

लाकूड कोणतं? सागवान महाग पण शिकणाऱ्याला सोपं: रंधा गुळगुळीत चालतो, हालचाल कमी. बाभूळ आपल्याकडे मुबलक, टिकाऊ, पण कठीण. नवी पटाशीही तिच्यावर लवकर बोथट होते. कडुनिंबाचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात, रंधा मारताना पृष्ठभाग ओरबाडतो. पाईन मऊ आणि स्वस्त. एमआयडीसीतून भंगारात येणाऱ्या पॅकिंगच्या पॅलेट्समधून ते मिळतं. फक्त पॅलेटवरचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेलं, हे चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, हे घरात आणू नका. कोणत्याही लाकडात कडेचा फिकट पांढरा भाग टाळा. त्यात पिष्ट असतं, भुंगा त्यावरच येतो आणि टेबलाखाली पिठासारखी भुकटी पडायला लागते.

‘वाळलेलं आहे’ हा शब्द वखारवाल्याचा, खात्री आपली. फळीच्या टोकापासून किमान सहा इंच आतून एक तुकडा कापा, कारण टोकं नेहमी जास्त वाळलेली असतात. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, मग ओव्हनमध्ये १००-१०५ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. ११२ ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर थांबला तर ओलावा १२ टक्के. सोलापुरात १० टक्क्यांच्या आसपासचं लाकूड कामाला उत्तम. १५ च्या वर असेल तर थांबा. फळ्या सावलीत रचा, दर दीड फुटावर एक इंची काठ्या घाला आणि प्रत्येक थरातल्या काठ्या एकाखाली एक येऊ द्या. काठ्या मागेपुढे झाल्या तर फळ्या वजनाने वाकतात आणि तशाच वाळतात. टोकांना ऑइलपेंट किंवा मेण लावा. रेष्यांच्या दिशेने पाणी आडव्या दिशेपेक्षा कितीतरी वेगाने निघतं, म्हणून टोकं आधी आकसतात आणि चिरतात.

हत्यारं थोडी लागतात: बारीक दाताची करवत, रंधा, पाव इंची आणि एक इंची पटाशी, गुण्या, ड्रिल, टेप. पटाशीला धार लावायचा दगड मात्र उधारीवर ठेवू नका. पटाशीचा उतार २५ अंशांचा, शेवटची धार ३० अंशांची. हातावरचे केस निघाले तर धार झाली. बोथट पटाशीला जोर द्यावा लागतो आणि जोरातली पटाशी निसटून हातात जाते.

टॉपपासून सुरुवात करा. दोन फळ्या जोडायच्या कडा सरळ आणि काटकोनात हव्यात, पण हाताने नेमका काटकोन साधणं अवघड. त्याला एक सोपी युक्ती आहे. दोन्ही फळ्या पुस्तक मिटावं तशा पाठीला पाठ लावून शिकंज्यात धरा आणि दोन्ही कडांवर एकदम रंधा मारा. रंधा दोन अंश कलला तरी एका कडेला ८८ आणि दुसरीला ९२ अंश मिळतात. उघडून जोडल्या की बेरीज १८० आणि टॉप सपाट. रंधा रेषे वर चढतात त्या दिशेने चालवा. उलट गेला तर पातं रेष्यांखाली घुसून तुकडा उचकटतं.

कडेवर पांढऱ्या गोंदाचा पातळ, सलग थर द्या. मे महिन्यात दुपारी हे काम करू नका. चाळीस अंशांत चार-पाच मिनिटांत गोंदावर साय धरते आणि वरवर जुळलेला सांधा आतून कोरडा राहतो. पहाटे लवकर उरका. क्लॅम्प नसतील तर जमिनीवर दोन पट्ट्या पक्क्या करून मधे फळ्या ठेवा आणि कडेला समोरासमोर दोन पाचरी ठोका. सांध्यातून गोंदाचे बारीक मणी सगळीकडे सारखे बाहेर आले म्हणजे दाब पुरेसा. तासाभराने पाचरी काढल्या तरी चालेल, पण रंधा दुसऱ्या दिवशीच. गोंदातल्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. ते वाळायच्या आत सपाट केलं तर नंतर तिथे खोलगट रेघ पडते. रुंदीच्या या सांध्याला खिळा नको, खुंटीही नको. रेष्याला समांतर लागलेला गोंद लाकडापेक्षा मजबूत असतो. फळीच्या टोकाला, जिथे रेषे तुटलेले असतात, तिथे मात्र तो नुसता शोषला जातो. म्हणून पाय आणि पट्टी यांना कुसू लागतो.

कुसू पाव इंच जाड, पाऊण इंच लांब आणि पावणेदोन इंच रुंद करा: पट्टीच्या वरच्या कडेपासून अर्धा इंच आणि खालून पाव इंच सोडून. वरचा अर्धा इंच सोडला नाही तर पायाचं भोक वरच्या टोकाला उघडं पडतं आणि पाय फाटतो. प्रत्येक पायात शेजारच्या दोन बाजूंनी दोन भोकं येतात. नवशिक्यांची गडबड इथे होते. पट्ट्या पायाच्या मध्यावर घेतल्या तर पाऊण इंचाचे दोन कुसू आत एकमेकांना आडवे येतात. पट्टी पायाच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून फक्त एक सूत, म्हणजे १/८ इंच आत घ्या. मग दोन्ही भोकं एकमेकांना न छेदता बसतात. आधी भोक करा, मग त्याला जुळेल असा कुसू कापा. उलटं केलं तर चूक सुधारायला जागा राहत नाही. करवत रेघेवर न चालवता टाकाऊ बाजूने चालवा आणि पटाशीने शेवटचा केस काढा. कुसू हाताच्या दाबाने आत जायला हवा. हातोडी मारावी लागली तर पाय चिरेल, आपोआप पडला तर गोंद त्याला वाचवणार नाही. गोंद लावण्याआधी सगळं कोरडं जुळवून दोन्ही कर्ण मोजा. २२ × १६ इंचांच्या या सांगाड्यात ते सुमारे २७.२ इंच आणि एकमेकांइतकेच यायला हवेत.

आता टॉप सांगाड्यावर बसवायचा, हलायला मोकळा ठेवून. त्यासाठी एक इंच रुंद, पाऊण इंच जाड दहा लाकडी ठोकळे करा. प्रत्येकाच्या एका टोकाला पाव इंच जाड आणि ३/८ इंच लांब जीभ कापा. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेपासून थोड्या खाली, जीभ जाईल अशा अर्धा इंच खोल खाचा घ्या. जीभ खाचेत घालून ठोकळा सव्वा इंची स्क्रूने टॉपला खालून आवळायचा. ठोकळा आणि टॉप यांत आवळण्याआधी एक मिलिमीटर फट हवी, तरच टॉप खाली ओढला जातो. आखूड पट्ट्यांवर तीन-तीन ठोकळे: मधला खाचेत घट्ट, कडेचे दोन दीड इंच रुंद खाचांत, म्हणजे त्यांना डावीउजवीकडे सरकता येतं. लांब पट्ट्यांवर दोन-दोन, आणि इथे ऋतू पाहायचा. टॉप मधोमध धरलेला असल्याने प्रत्येक लांब पट्टीपाशी तो दोन-सव्वादोन मिलिमीटर हलतो. पावसाळ्यात जोडत असाल तर ठोकळा पट्टीला टेकवून बसवा. उन्हाळ्यात तो आत ओढला जाईल, पण जीभ खाचेतच राहील. उन्हाळ्यात जोडत असाल तर ठोकळा आणि पट्टी यांत तीन मिलिमीटर मोकळे सोडा, नाहीतर भाद्रपदात टॉप फुगून सांगाड्याचे सांधे उघडेल.

पॉलिश हालचाल थांबवत नाही, फक्त तिचा वेग कमी करतं. म्हणून टॉपच्या खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच हात द्या. एकच बाजू झाकली तर दुसरी लवकर ओलावा घेते आणि फळी वाकते. घरगुती तेलांत जवसाचं तेल कामाचं. ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट पापुद्रा धरतं. करडईचं तेलही वाळतं, पण सावकाश. शेंगतेल आणि खोबरेल वाळतच नाहीत, चिकट राहून धूळ धरतात आणि खवट होतात. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, दोन्ही रेष्यांच्या दिशेने. घासताना मास्क हवाच, सागाच्या भुशाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. मग तेलाचा पातळ हात, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं, आणि तो वाळला की पुढचा. असे तीन. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या फडक्यात ती साठून काडी न लावता आग लागू शकते. फडकी बाहेर दोरीवर एकेक पसरून कडक वाळवा, मगच कचऱ्यात टाका.

तयार टेबल उन्हाळ्यात कूलरच्या झोताखाली ठेवू नका. कूलरची हवा पावसाळ्यासारखी दमट असते, कूलर बंद झाला की खोली पुन्हा वैशाखाची. वर्षाकाठी एकदा होणारा फेरा मग टॉपच्या वरच्या थराला रोज सोसावा लागतो, आणि बारीक चिरा आधी फळ्यांच्या टोकांना दिसायला लागतात.