आवरलेलं सामान आणि बांधलेलं सामान

छोट्या शिडाच्या बोटीच्या केबिनचा फोटो पाहा, बोट हमखास नांगरलेली असते. वेताच्या टोपल्या, उंचीप्रमाणे लावलेल्या बरण्या, चुंबकी पट्टीवर चिकटलेल्या सुऱ्या. आणि खाली शेरा: 'किती सेफ ठेवलंय सगळं!' अहो, ते आवरलेलं आहे. सेफ आहे की नाही हे बोट आडवी झाल्यावर कळेल.

आवरणं नागपूरकराला शिकवायची गरज नाही. मांडणीवर ताटं उभी, वाट्या पालथ्या, वर्षाचं धान्य एका कोपऱ्यातल्या कोठ्यांत, हे पाहत वाढलेल्या माणसाला २५ फुटी बोटीची केबिन लावायला दुपार पुरते. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, रोजचं हाताशी, जड सामान खाली आणि बोटीच्या मध्याकडे. डब्याचं नाव मार्करनं थेट झाकणावर, कारण कागदी लेबल ओलीत सुटतं आणि मग डाळीच्या जागी रवा शिजतो. झालं.

घोळ पुढे आहे. तीच मांडणी भिंतीवरून काढून आडवी धरली तर ताटांचं काय होईल?

बोटीला दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि लोक त्या एकच समजतात. पहिली, कलणं. वाऱ्याच्या तोंडावर जाताना बोट १५ ते २५ अंश कलून तासन् तास तशीच चालते. सामान खालच्या बाजूला घसरतं. त्यावर फळीला चार सेंटिमीटरची उभी कड पुरते. तिला फिडल म्हणतात. कोपऱ्यांत बोटभर फट ठेवा, नाहीतर चुरा कधीच निघत नाही. घसरू न देणारा रबरी जाळीचा मॅट, उचलून मगच ओढता येणारा ड्रॉवर, हेही इथलेच उपाय, आणि चांगले आहेत.

दुसरी गोष्ट, आडवं पडणं. मोठी लाट कुशीवर बसली की डोलकाठी पाण्याला टेकते. वजनदार कील, म्हणजे तळाखालचा जड पंख, असलेली बोट परत उभी राहते, पण मधल्या काही सेकंदांत केबिनची भिंत म्हणजे जमीन आणि समोरची भिंत म्हणजे छत. कडेवरचं सामान आता कड्याच्या टोकावर उभं आहे. मॅटला काहीच काम उरत नाही. बर्थखालच्या लॉकरचं झाकण इतके दिवस स्वतःच्या वजनानं बसलं होतं, आता त्याच वजनानं उघडतं.

इथे ऐकू येणारं वाक्य ठरलेलं: 'बॅटरी पंधरा किलोची आहे, कुठे जाते?' अंगावर जाते. वजनानं वस्तू जागेवर राहते ती फक्त खाली म्हणजे खाली असेपर्यंत. पंधरा किलोची बॅटरी केबिनच्या रुंदीत दीड मीटर पडली तर समोरच्या बर्थवर झोपलेल्याला ती ताशी १९-२० किलोमीटर वेगानं गाठते. १९७९ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनजवळच्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत तीनशेवर बोटी वादळात सापडल्या, १५ स्पर्धक दगावले. किती तरी बोटी आडव्या झाल्या, काही पुरत्या उलटल्या. समुद्री शर्यतींचे आजचे नियम बॅटरी, स्टोव्ह, गॅस सिलिंडर, टाक्या, अवजारांची पेटी, नांगर आणि साखळी अशी नावं घेऊन पक्कं बांधायला सांगतात. सगळ्या जड वस्तू. बशा फुटल्या तर फुटल्या.

म्हणून बॅटरीपासून सुरुवात करा. आयएस ७१० मार्कच्या, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन, १२ मिलिमीटर प्लायचा तुकडा इपॉक्सी आणि काचकापडानं बोटीच्या तळाला आतून चिकटवा. तळाला आरपार भोक पाडायचं नाही, हे सांगावं लागतं हेच दुःख. त्या प्लायवर ट्रे बसवा, चारही बाजूंना अडीच सेंटिमीटरच्या पट्ट्या, जेणेकरून बॅटरी हलणारच नाही. ट्रेच्या फळीत दोन एम-८ आय-बोल्ट (८ मिलिमीटरचे, डोक्याला कडी असलेले) आरपार, खालून रुंद वॉशर आणि नट. हे फळी बसवण्याआधी करा, नंतर खालून हात जात नाही. नुसता स्क्रू प्लायमधून उपटून येतो. वरून २५ मिलिमीटरचा पॉलिस्टर पट्टा, कॅम बकलनं आवळलेला. नायलॉनचा नको, तो भिजला की ताणतो आणि पट्टा सैल पडतो. बकल लोखंडी असेल तर टर्मिनलपासून लांब, आणि टर्मिनलवर टोपी हवीच, नाहीतर पहिल्याच झटक्याला ठिणगी.

मग तपासा. प्रवासी बॅग तोलायचा आकड्याचा काटा बॅटरीच्या मुठीला अडकवून वर ओढा. बॅटरी बसल्या जागेवर सुटी असल्यासारखी तसूभरही उचलली गेली तर काम झालेलं नाही. तिच्या वजनाच्या दुपटीपर्यंत ओढ द्या, वर आणि दोन्ही बाजूंना. दोन किलोच्या वरच्या प्रत्येक वस्तूला हीच परीक्षा. झाकणांनाही घ्या. तिथे फिरवायची लाकडी खिट्टी किंवा साधी सरक कडी लावा. चुंबकी कॅच आम्हाला बोटीवर मुळीच चालत नाही. तो कपाट बंद दिसावं म्हणून असतो.

बंजी दोरीचं, म्हणजे हूकवाल्या रबरी दोरीचं, कौतुक पुरे. ती ताणते हाच तिचा गुण आणि हाच दोष. टॉवेल, चादर, जॅकेट आवरायला उत्तम. सिलिंडर बंजीनं बांधलेला दिसला की त्या बोटीवर चहासुद्धा घेऊ नये. शिवाय बोट ट्रेलरवर नागपुरात उभी राहत असेल तर मे महिन्याच्या ४५ अंशांत रबर चिरतं आणि चिकटपट्टीचे हूक एकेक करून गळतात. किनाऱ्यापर्यंतच्या सातशेवर किलोमीटरांत प्रत्येक ब्रेक सामान पुढे ढकलतो तो वेगळाच.

बोल्ट, खिट्ट्या, वॉशर इतवारीत लोहा ओळीत मिळतात. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील मागा. दुकानदार लोहचुंबक लावून 'बघा, चिकटत नाही' म्हणेल. साध्या ३०४ स्टेनलेसलाही चिकटत नाही, त्यामुळे तो पुरावा नव्हे. चुंबकाचा विषय निघालाच आहे तर, अवजारांची पेटी आणि स्पीकर होकायंत्रापासून मीटरभर दूर.

सिलिंडरचं आणखी एक. कितीही घट्ट बांधला तरी तो केबिनच्या आत ठेवायचा नाही. गळलेला गॅस हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. त्याला बाहेरच्या बाजूचा, तळातून थेट बोटीबाहेर निचरा होणारा वेगळा कप्पा हवा.

राहिली संत्री. दोन डझन म्हणजे तीन-चार किलो, म्हणजे नियमात आलीच. पेटीतून काढून सुती जाळीत भरा, कारण किनाऱ्याच्या दमट हवेत पेटीतली तळाची संत्री आधी बुरसतात. जाळी बाजूच्या भिंतीलगत दोन हुकांत लांबवर बांधा आणि मधोमध तिसरी दोरी खाली ओढून अडकवा. ती तिसरी दोरी बहुतेक जण गाळतात, मग जाळी रात्रभर भिंतीवर आपटते आणि सकाळी हाती लगदा येतो.