सांदण आणि धोंडस : वाफ आणि निखारा

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या घरगुती खानावळींत आणि निवास-न्याहारीच्या ठिकाणी काढलेले जेवणाचे फोटो हल्ली भराभर एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जातात. त्यांत एक गफलत वारंवार दिसते. पिवळसर, ओलसर, तांदळाच्या रव्याचा कोणताही गोड पदार्थ दिसला की त्याखाली कधी ‘सांदण’ लिहिलेले असते, कधी ‘धोंडस’, तर कधी सरळ ‘कोकणी केक’. फलकावर ‘फणसाचा केक’ आणि ‘काकडीचा केक’ अशी जोडनावे लिहिणाऱ्या ठिकाणी तर पाहुण्याला हे दोन वेगळे पदार्थ आहेत, हेही कळत नाही. हे दोन्ही पदार्थ आता अनेक तरुण वाचकांना आधी फोटोतून भेटतात आणि मग ताटात. त्यामुळे चुकीच्या नावाचा फोटो ही मला किरकोळ बाब वाटत नाही.

गोंधळाचे मूळ समजण्यासारखे आहे. दोहोंत तांदळाचा जाडसर रवा किंवा कण्या असतात, गूळ असतो, नारळ असतो, वेलची असते आणि एखादे रसाळ फळ असते. म्हणून बहुतेक जण फळावरून नाव ठरवतात, म्हणजे फणस असेल तर सांदण आणि काकडी असेल तर धोंडस. ही खूण पुष्कळदा बरोबर ठरते, पण ती भरवशाची नाही. हापूसच्या रसाचीही सांदणे होतात. फणसाचा रस घालून केलेले धोंडसही काही घरांत होते. काकडीचा किस, रवा आणि गूळ हेच मिश्रण हळदीच्या पानावर पसरून वाफवले की त्याचे पातोळे होतात, आणि पीठ मळून तळले की घारगे. म्हणजे फळ तेच राहिले तरी पदार्थ बदलतो. पदार्थ कोणता, हे त्याला कोणती आच मिळाली यावर ठरते. सांदण वाफेवर शिजते, तर धोंडस खालून आणि वरून अशा दुहेरी निखाऱ्यांत भाजले जाते. बाकीचे सगळे फरक या एका फरकातून निघतात, आणि फोटोत दाखवायचा तोही हाच.

सांदणासाठी फणस बरका लागतो. काप्या फणसाचे गरे कडक, कुरकुरीत असतात आणि ते तसेच खायला चांगले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेली ‘कोकण प्रॉलिफिक’ ही जातही कापा प्रकारातली आहे. बरक्याचे गरे मात्र मऊ, बुळबुळीत आणि रेषाळ असतात, आठळ्या काढून ते चाळणीवर घासले की दाट रस खाली उतरतो आणि चोथा वर राहतो. धुऊन वाळवलेल्या तांदळाचा रवा काढून तो तुपावर हलका परतायचा आणि या रसात भिजत ठेवायचा. रवा रस पिऊन फुगतो. मग नारळाचे दूध, गूळ आणि चिमूटभर मीठ घालून इडलीच्या पिठाइतके सैल मिश्रण तूप लावलेल्या वाट्यांत किंवा इडलीपात्रात घालून पंधरा-वीस मिनिटे वाफवायचे. गूळ किती घालायचा हे फणस चाखल्यावरच ठरते, कारण बरका नीट पिकलेला असेल तर त्याची स्वतःची गोडी पुष्कळ असते आणि जास्त गुळाने फणसाचा वास दबतो. कोकणी मुसलमानांच्या घरांतही सांदण नावाचा वाफवलेला तांदळाचा पदार्थ आहे. तेथे त्याला फणस लागतोच असे नाही आणि तो मटणाच्या रश्श्याबरोबरही खाल्ला जातो. फळ वेगळे किंवा मुळीच नसले तरी वाफ तीच आहे, ही बाब वरच्या मुद्द्याला बळ देणारीच आहे.

समुद्रकाठी पाणी 100 अंश सेल्सियसला उकळते आणि साध्या पात्रातली वाफही साधारण त्याच तापमानाची असते. धान्यातल्या आणि दुधातल्या शर्करा व प्रथिने एकत्र येऊन जो खमंग तपकिरी रंग देतात, तो ठळकपणे दिसायला पृष्ठभाग सुमारे 140 अंशांच्या आसपास जावा लागतो, आणि ओला पृष्ठभाग तेथवर पोहोचू शकत नाही. म्हणून सांदणाला कवच नसते. त्याचा रंग आतबाहेर एकच असतो, म्हणजे फणसाचा पिवळा, त्यात गुळाची थोडी छटा. वरचा भाग ओलसर आणि किंचित चमकदार असतो, बोटाने दाबला तर खाली जाऊन परत वर येतो.

धोंडसाची गोष्ट खऱ्या अर्थाने रंगते ती काकडीपासून, आणि ही काकडी म्हणजे कोशिंबिरीची कोवळी काकडी नव्हे. लागते ते तवसे, म्हणजे पावसाळ्यात मांडवावर वाढून जून झालेली, हाताच्या कोपरापर्यंत पुरेल एवढी मोठी काकडी. तिची टोके कापून आधी चाखून पाहतात, कारण कडू तवसे एकदा मिश्रणात गेले की कितीही गूळ घातला तरी कडूपणा जात नाही. मधला बियांचा गाभा काढून गर किसायचा आणि त्याचे पाणी मुळीच पिळायचे नाही. काकडीत सुमारे 95 टक्के पाणी असते. या पाण्यातच तुपावर भाजलेला रवा शिजतो, वरून पाणी किंवा दूध घालण्याची गरज पडत नाही. गूळ, खवलेले ओले खोबरे, वेलची, काजूचे तुकडे आणि थोडे मीठ घालून मिश्रण कढईत घट्ट होईपर्यंत ढवळतात. मग जाड बुडाच्या टोपात तूप लावून, काही घरांत तळाशी केळीचे पान घालून, ते मिश्रण थापतात.

यापुढचे काम आचेचे. चुलीतली जळती लाकडे बाहेर ओढून खाली फक्त निखारे ठेवायचे, टोपावर परात किंवा पत्र्याचे झाकण ठेवून त्यावरही निखारे पसरायचे. करवंट्यांचे निखारे यासाठी उत्तम, कारण ते तापतात चांगले आणि ज्वाळा धरत नाहीत. वरची आच पृष्ठभागातले पाणी उडवते. पृष्ठभाग कोरडा झाला की त्याचे तापमान 100 अंशांच्या पुढे चढते आणि मगच तो तपकिरी होऊ लागतो. झाकण उचलल्यावर भाजलेल्या खोबऱ्याचा आणि करपू पाहणाऱ्या गुळाचा जो वास येतो, तो सांदणाच्या पात्रातून कधीच येत नाही. खाली आणि वर असे दोन तपकिरी थर आणि मध्ये ओलसर, दाणेदार, सोनेरी गाभा, अशी धोंडसाची रचना असते. सिंधुदुर्गात आणि गोव्याकडे याच घराण्यातल्या पदार्थाला तवसोळी किंवा तवसळी म्हणतात, तेव्हा फोटोखाली ते नाव दिसले तर तीही चूक समजू नये.

फोटो काढताना या माहितीचा थेट उपयोग होतो. सांदणाच्या फोटोत ओलावा दिसला पाहिजे, धोंडसाच्या फोटोत कवच आणि काप.

सांदण वाटीतून निघाल्यावर पहिल्या काही मिनिटांतच फोटो काढावा. पंख्याखाली ठेवले की वरचा ओलावा सुकतो, चमक जाते आणि पदार्थ शिळा दिसू लागतो. त्याच्याबरोबर गूळ घातलेले नारळाचे दूध येते. ते सांदणावर ओतण्याआधी एक फोटो आणि ओतल्यावर लगेच दुसरा घ्यावा, कारण सांदण दूध पटकन शोषते आणि मग वाटीत नुसता ओला गोळा उरतो. दूध पांढरे आणि सांदण पिवळे असल्यामुळे फोनचा कॅमेरा बहुधा चुकतो. तो दूध पांढरेफटक करून टाकतो आणि त्यातली सायीसारखी दाटी नाहीशी होते. पडद्यावर दुधावर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढली की दोन्ही रंग सांभाळले जातात. वाफ दाखवायची असेल तर उजेड पदार्थाच्या मागून यावा आणि पार्श्वभूमी गडद असावी. पांढऱ्या भिंतीसमोर वाफ दिसत नाही. केळीच्या पानाचा मोह आवरावा, असे मला मनापासून वाटते. पानावर पडलेला उजेड हिरवा होऊन सांदणाच्या पिवळ्या कडांवर चढतो आणि फणसाचा रंग कच्चा दिसतो. साधी स्टीलची वाटी किंवा पांढरी बशी बरी, फक्त स्टीलमध्ये छतावरच्या ट्यूबलाइटची पट्टी उमटत नाही ना, हे पाहून घ्यावे.

धोंडसाला घाई चालत नाही. तांदळात ग्लुटेन नसते, त्यामुळे गरम धोंडस सुरीखाली भुगा होऊन सांडते. थंड होताना त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि मगच वडी सुबक निघते. बऱ्याच घरांत ते रात्री करून सकाळी कापतात आणि दुसऱ्या दिवशी ते चवीलाही अधिक मुरलेले लागते. फोटोसाठी एक वडी कापून आडवी ठेवावी, फोन टेबलाच्या पातळीपर्यंत खाली आणावा आणि उजेड खिडकीतून बाजूने येऊ द्यावा, म्हणजे वरच्या कवचाचा खडबडीतपणा आणि आतले रव्याचे दाणे सावलीमुळे उठून दिसतात. वरून काढलेल्या फोटोत धोंडस फक्त तपकिरी चौकोन दिसते आणि ओळखण्याची एकमेव खात्रीची खूण लपून राहते. तूप किंवा लोणी वर घातले असेल तर फ्लॅश टाळावा, कारण तुपावर पांढरा डाग पडतो. फोन अगदी जवळ नेल्यास जवळची कड फुगलेली दिसते. दोन पावले मागे सरून दुप्पट मोठे करून घेतलेले चित्र अधिक खरे येते.

हंगामही दोघांचे वेगळे आहेत आणि त्याबरोबर उजेडही बदलतो. बरका फणस एप्रिलअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत मिळतो, म्हणजे सांदणाचे दिवस कडक उन्हाचे. पडवीत सावलीला बसून, अंगणातून परतून येणाऱ्या उजेडात फोटो काढावा, थेट उन्हात पिवळा रंग फाटतो. तवसे श्रावणापासून नवरात्रापर्यंत, त्यामुळे धोंडसाचे दिवस ढगाळ. तो उजेड मऊ असला तरी कमी असतो, तेव्हा फोन हातात न धरता पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला तर चित्र हलत नाही. मे महिन्यात आणि पावसाळ्यातही वातानुकूलित खोलीतून बाहेर आल्यावर दमट हवेने लेन्सवर धुके धरते. ते पुसत बसण्यापेक्षा फोन थोडा वेळ बाहेरच्या हवेला राहू द्यावा.

खानावळीत विचारण्याची लाज बाळगू नये. वाढणाऱ्या काकूंना “काकू, फोटो काढू का? आणि हे वाफवलंय की भाजलंय?” एवढे विचारले की पुरे. “अहो, वरून पण निखारे ठेवले होते, ती बघा खरपूस कड,” असे उत्तर मिळाले तर नाव आपोआप ठरते, आणि बहुधा खरपूस कडेचा तुकडा ताटात जास्तीचा येतो. दुसऱ्या पंगतीतली माणसे चौकटीत येणार असतील तर त्यांनाही विचारावे. घरगुती खानावळीत स्वयंपाकघर हे त्या घराचे खासगी ठिकाण असते, तेथे परवानगीशिवाय कॅमेरा नेऊ नये.

फोटोखालच्या ओळीत पदार्थाचे नाव, फळ आणि आच या तीन गोष्टी लिहिल्या की गफलत होत नाही, उदाहरणार्थ ‘बरक्या फणसाचे सांदण, वाफवलेले’ किंवा ‘तवशाचे धोंडस, निखाऱ्यावरचे’.

आता प्रश्न उरतो तो ओव्हनचा. शहरातल्या आणि किनाऱ्यावरच्या अनेक स्वयंपाकघरांत धोंडस 180 अंशांवर पाऊण तास भाजले जाते, आणि काही ठिकाणी त्याला ‘काकडीचा केक’ म्हणून काचेच्या कपाटात ठेवतात. माझ्या मते तांदळाचा रवा, न पिळलेला तवशाचा किस आणि गूळ असेल, आणि आच वरूनही मिळाली असेल, तर ते धोंडसच आहे. निखाऱ्याच्या धुराची किंचित चव त्यात नसते, इतकाच फरक. मैदा, अंडे आणि बेकिंग पावडर घालून फुगवलेला तुकडा मात्र चांगला केक असू शकतो, पण त्याची वडी कापली की आत रव्याच्या दाण्याऐवजी बारीक भोके दिसतात, आणि त्या फोटोखाली धोंडस हे नाव लिहू नये.