संरक्षक पेशी गाठीत शिरल्या, म्हणजे रुग्ण बरा होणार?

कर्करोगाच्या गाठीत शरीराच्या संरक्षक पेशी जितक्या अधिक, तितके रुग्णाचे भवितव्य चांगले, असा समज आहे. स्तनाच्या ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगात (ज्याच्या पेशींत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राही, म्हणजे त्यांना पकडणारी प्रथिने, नसतात आणि हर-२ हे वाढीला चालना देणारे प्रथिनही जादा नसते) तो बऱ्याच अंशी खरा ठरतो. मात्र स्तनाचे सुमारे ७० टक्के कर्करोग ज्यात मोडतात, त्या इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन संप्रेरकाचे ग्राही असलेल्या प्रकारात हे गणित जुळत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ३,७७१ रुग्णांच्या माहितीच्या विश्लेषणात या प्रकारातील हर-२ निगेटिव्ह गाठींमध्ये संरक्षक पेशी भरपूर असल्या, की केमोथेरपीचा परिणाम अधिक चांगला होत होता. पण एकूण जगण्याचा काळ कमी आढळला.

याचे एक कारण असे, की या प्रकारातील बहुतेक गाठी सावकाश वाढतात, त्यांच्यात जनुकीय बदल थोडे असतात आणि त्या संरक्षक पेशींच्या फारशा नजरेत भरत नाहीत. ज्या भरतात त्या बहुधा वरच्या ग्रेडच्या (सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पेशींहून अधिक वेगळ्या दिसणाऱ्या), झपाट्याने विभाजन पावणाऱ्या असतात.

दुसरे कारण मला अधिक विलक्षण वाटते. टी-पेशी ही संरक्षक पेशी कर्कपेशीच्या पृष्ठभागावर मांडलेला प्रथिनाचा परका तुकडा ओळखते आणि इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन स्रवते. हा हल्ल्याचा इशारा असतो, पण तो कर्कपेशीलाही कळतो: तिच्यातील जॅक ही विकरे (एन्झाइम) स्टॅट-१ या प्रथिनाला जागे करतात, ते केंद्रकात जाते आणि पीडी-एल१ या प्रथिनाचे जनुक कामाला लागते. पृष्ठभागावर आलेले पीडी-एल१ टी-पेशीवरील पीडी-१ या ग्राहीला जोडले जाते. मग टी-पेशीच्या आतील शिप-२ हे विकर तिला चेतवणाऱ्या साखळीतील प्रथिनांवरचे फॉस्फेट काढून टाकते आणि हल्ला थंडावतो. म्हणजे बायॉप्सीच्या रंगवलेल्या पातळ कापावर पेशींच्या कडेने उमटणारे पीडी-एल१ चे तपकिरी रिंगण हल्ला झाल्याची खूणही असू शकते आणि तो परतवल्याचीही.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णे आणि गोळ्या या साखळीतील नेमक्या कोणत्या कडीवर काम करतात, हे त्यांचे विक्रेते सहसा सांगत नाहीत. कर्करोगाच्या रुग्णाने त्यांच्या भरवशावर उपचार लांबवणे घातक आहे.

संरक्षक पेशींची खूण अशी दुहेरी असल्यामुळेच संप्रेरकाचे ग्राही असलेल्या प्रकारात रोगाचा अंदाज बांधताना गाठीचा आकार, ग्रेड, काखेतील लसिकाग्रंथी, केआय-६७ (विभाजन पावणाऱ्या पेशींचे प्रमाण दाखवणारे प्रथिन) आणि रोग उलटण्याचा धोका सांगणारी २१ जनुकांची चाचणी यांनाच अद्याप अधिक वजन आहे. तरीही पीडी-१ चा अडसर काढणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाची केमोथेरपीसोबत चाचणी झाली, तेव्हा ग्रेड ३ च्या अशा गाठी शस्त्रक्रियेपूर्वी पूर्ण नाहीशा होण्याचे प्रमाण १५.६ टक्क्यांवरून २४.३ टक्क्यांवर गेले आणि हा लाभ पीडी-एल१ असलेल्या, तसेच इस्ट्रोजेन ग्राही १० टक्क्यांहून कमी पेशींत असलेल्या गाठींमध्ये अधिक दिसला.